शंकासमाधान : चूल, ड्युटी आणि प्रार्थना

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकच दुखणं सांगतात. दिवस कामात जातो, देवासाठी वेळ उरत नाही आणि मनाला टोचणी लागून राहते. त्यांतली चार पत्रं इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख नेहमीप्रमाणे गुप्त ठेवली आहे.

प्रश्न : फादर, मी विरारला राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. पहाटे उठून डबे करायचे, त्यांचं सगळं आवरायचं आणि लोकल गाठायची. रात्री परत आल्यावर पुन्हा चूल आहेच. रोजरीला बसते, पण दुसरं रहस्य संपायच्या आत डोळे मिटतात. लग्नाआधी मी रोज मिस्साला जायची, आता फक्त रविवारी जमतं. देव माझ्यापासून दुरावला, की मीच दुरावले?

उत्तर : ताई, दुरावा कुठेच नाही. तुम्ही दमला आहात आणि त्या दमणुकीलाच अश्रद्धा समजता आहात.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत तेरेझा (१८७३–१८९७) प्रार्थनेच्या वेळी कितीतरी वर्षं डुलक्या घ्यायची. तिने ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याचं तिला दुःख व्हायला हवं होतं, पण झालं नाही. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते सारखंच लाडकं असतं, अशी तिची समजूत होती. चोवीस वर्षांचं आयुष्य लाभलेल्या आणि मठात गेल्यावर बाहेर न पडलेल्या या मुलीला चर्चने पुढे धर्मपंडिताचा मान दिला. झोप लागते म्हणून तुम्ही स्वतःला दोष देणं आजपासून थांबवा.

तुमची खरी शंका मात्र झोपेपेक्षा खोल आहे. भाकऱ्या भाजताना आणि सासूबाईंचं करताना देव तिथे असतो का, असं तुम्ही विचारता आहात. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. आधी तो सैनिक होता, पाय जायबंदी झाला होता. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं आणि त्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा होता. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. स्वयंपाकाची हौस असलेल्या माणसाला तिथे देव भेटला असता, तर त्यात आपल्यासाठी काही नव्हतं. हा मात्र नावडत्या कामातच, भांड्यांच्या गोंगाटात, मनातल्या मनात देवाशी बोलत राहिला. शेवटी त्याचा अनुभव असा झाला की ठरलेल्या प्रार्थनेच्या वेळेत आणि कामाच्या वेळेत फरकच राहिला नाही.

आता तुमच्या घरात या. अंथरुणावरच्या माणसाची चादर बदलणं काय असतं, ते करणाऱ्यालाच कळतं. आधी सासूबाईंना हळूच एका कुशीवर वळवायचं. जुनी चादर त्यांच्या पाठीशी गुंडाळत आणायची आणि तिच्या जागी नवी अंथरायची. मग त्यांना गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. हे करताना खांद्याखाली हात नीट गेला नाही तर त्या कण्हतात. पाठ लाल झाली आहे का, सुरकुती राहिली का, तेही बघायचं असतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू शेवटच्या न्यायाचं वर्णन करतो. आजाऱ्याचं केलं ते माझंच केलं, हा त्याचा दाखला तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. रोज पहाटे तुम्ही तेच करता. वळवण्याआधी एकदा 'येशू' म्हणा. तेवढी प्रार्थना पुरे.

बहीण प्रभूच्या पायाशी बसली असताना घरकामात गुंतलेल्या मार्थेची गोष्ट तुम्हाला कुणीतरी ऐकवली असणार. घरकाम करणाऱ्या बाईला गप्प करायला ती फार वापरली जाते. पण गोष्ट नीट वाचली, तर प्रभूने मार्थेला राबण्यावरून काही म्हटलेलं नाही, तिच्या जिवाच्या तगमगीवर बोट ठेवलं आहे. शिवाय गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ गेल्यावर गावाबाहेर जाऊन प्रभूला गाठते ती मार्थाच, आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली तिच्याच तोंडून निघते. बाराव्या अध्यायात पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढते आहे. यावेळी तिला कुणी काही बोलत नाही. तिचं काम तेच राहिलं होतं, तगमग गेली होती.

दोन गोष्टी करून बघा. पूर्ण रोजरीऐवजी एकच दशक सासूबाईंच्या पलंगाशी बसून म्हणा आणि जपमाळ त्यांच्या हाती द्या. दिवसभर त्यांचे हात रिकामे असतात. तुम्ही गाडीत असताना तुमच्यासाठी आणि नातवंडांसाठी प्रार्थना करायचं काम त्यांच्याकडे सोपवा. आपण अजून कुणाच्या उपयोगी आहोत, हे त्यांनाही हवं असेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला विचारायलाच हवी. त्या घरात तुमचे पती आहेत, कॉलेजात जाणारा मुलगा आहे. ते काय करतात? संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी नियम घालून दिले, त्यात आजारपण किंवा तसंच महत्त्वाचं काम असल्याशिवाय स्वयंपाकाची पाळी कुणालाच चुकत नाही. आठवडा संपला की पाळीवाल्याने सगळ्यांचे पंचे धुवायचे आणि भांडी स्वच्छ करून परत द्यायची. हे पुरुषांसाठीचे नियम आहेत आणि ते जवळजवळ पंधराशे वर्षं पाळले जात आहेत. कामात देव भेटतो म्हणून सगळं काम एकट्या सुनेने करावं, असं कुणी सांगू लागलं तर ते ख्रिस्ती शिक्षण नाही. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : मी अहिल्यानगरला एका खासगी पेढीत हिशेब बघतो. माल न येताच बिलं फिरवायला मला सांगितलं जातं. सगळेच करतात, असं मालक म्हणतात. रविवारी मंडळीत मी शास्त्रवाचन करतो, तेव्हा अंगावर काटा येतो. घरात कमावणारा मी एकटा. नोकरी सोडू का?

उत्तर : दादा, उद्याच्या उद्या राजीनामा देऊ नका. पण तसल्या बिलाची पुढची नोंद तुमच्या हातून होता कामा नये.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि आम्ही काय करावं, असं विचारतात. रोमी सत्तेसाठी वसुली करणारी, लोकांच्या शिव्या खाणारी ही माणसं. योहान त्यांना जकातनाकं सोडा म्हणत नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपाई येतात, त्यांनाही पेशा सोडायला सांगत नाही. कुणाला धाकाने लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा, असं सांगतो. म्हणजे पश्चात्तापाची सुरुवात त्याने त्यांच्या कामाच्या जागीच करायला लावली. पुढे जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी प्रभू उतरला, तेव्हा जक्कयानेही आधी हिशेब काढला : अर्धं गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट.

तेव्हा मालकांशी एकांतात, आदराने बोला. बाकी पडेल ते काम करीन, हे करणार नाही, असं सांगा. ऐकलं नाही तर तेच लेखी द्या आणि प्रत जपून ठेवा. माल न देता-घेता बिल काढणं हा जीएसटी कायद्याने गुन्हा आहे आणि चौकशी आली की सही कुणाची ते आधी बघतात. तिकडे दुसरी नोकरी शोधायला लागा. पत्नीला हे सगळं आजच सांगा. पत्रावरून वाटतं की तुम्ही तिला अजून काही बोललेला नाही. एवढं ओझं एकट्याने वाहू नये.

आणि तुमच्या पाळकसाहेबांनाही सांगा. खरं वागल्यामुळे एखाद्या सभासदाची नोकरी जात असेल, तर काही महिने त्याचा किराणा आणि मुलांची फी बघणं हे मंडळीचं कामच आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुणाला काही उणं पडू देत नसत, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. ते वाचून दाखवायचं आणि वेळ आली की मान खाली घालायची, असं चालत नाही.

राहिलं शास्त्रवाचन. खोट्या बिलांना नकार द्यायचं ठरवलं असेल, तर वाचत राहा. भीती वाटते, काटा येतो, म्हणून सोडू नका. पण बिलं फिरवत राहायचं ठरवणार असाल, तर तोवर ते काम दुसऱ्याला करू द्या.

प्रश्न : मी मिरजेत नर्स आहे. महिन्यातले दोन-तीन रविवार ड्युटीत जातात. प्रभूचा दिवस मोडल्याचं पाप मला लागतं का?

उत्तर : नाही. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला काढता ना, असा प्रश्न प्रभूने परूश्यांना केला तो आजारी माणसाला बरं करतानाच. तुम्ही तर मिरजेत आहात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली जिथे रुग्णालय सुरू केलं, त्या गावात रुग्णसेवा आणि ख्रिस्तसेवा वेगळ्या काढता येणार नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मिस्साला गेलात तरी कॅथलिकांचं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. इतर मंडळ्यांतही बऱ्याच ठिकाणी संध्याकाळची उपासना असते. तेही जमलं नाही, तर आठवड्याच्या सुट्टीचा एक तास देवासाठी राखा, आणि तो खरोखर राखा. ड्युटीवर असताना याईराच्या मुलीची गोष्ट आठवा. तिला मरणातून उठवल्यावर तिला काहीतरी खायला द्या, असं प्रभूने सांगितलं. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर पोरीच्या पोटाची आठवण त्याला राहिली. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटचं सगळं नीट सांगून जाणं, चुकलेला डोसही न लपवणं, ही रविवारची भक्तीच आहे.

प्रश्न : माझे मिस्टर चर्चच्या तीन समित्यांवर आहेत. रोज संध्याकाळी सभा, प्रार्थनागट, नाहीतर सणाची तयारी. मुलाचं दहावीचं वर्ष आहे, त्याच्याकडे बघायला ते घरी नसतात. काही बोललं तर 'देवाचं काम आहे, तुझाच विश्वास कमी पडतो' असं ऐकून घ्यावं लागतं. माझं खरंच चुकतं का?

उत्तर : तुमचं चुकत नाही. घरातल्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात लिहिलं आहे. मी ते इतक्या कडक शब्दांत लिहायला धजलो नसतो. प्रभू तर याहून पुढे गेला. आईवडिलांना द्यायचं ते देवाला वाहिलं आहे असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना त्याने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलं. देवाचं नाव घरच्या जबाबदारीच्या आड आणणं त्याला खपत नव्हतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत हे जुनं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांएवढा देवाला वाहिलेला माणूस विरळा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं त्या बाईंनी काय सोसलं आणि नंतरही उदार नवऱ्याचा संसार कसा रेटला, ते 'स्मृतिचित्रे'त आहे. टिळकांची भजनं आपण दर आठवड्याला गातो. ती ज्या घरात लिहिली गेली, त्या घरातल्या बाईचं पुस्तकही तुमच्या मिस्टरांनी वाचावं असं मला वाटतं. मुद्दाम वाचायला द्या.

देवाचं काम कशाला म्हणायचं, याचा मोठा दाखला केडगावला आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्तीमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली विणकाम शिकल्या, शेतात राबल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. तिथे प्रार्थनेची वेळ होती आणि खिळे जुळवण्याची वेळ होती. दोन्हींवर देवाचा हक्क सारखाच होता. आपल्या घरातली संध्याकाळही त्याच्याच हक्काची आहे.

आता चार शब्द तुमच्या मिस्टरांसाठी. दादा, तीनपैकी दोन समित्या या आठवड्यात सोडा. तुमच्या फादरांना मी सांगितलं म्हणून सांगा, ते समजून घेतील. तिसरी समिती मार्चपर्यंत थांबेल, तुमच्या मुलाची परीक्षा थांबणार नाही. आज संध्याकाळची सभा असेल तर येत नाही म्हणून फोन करा आणि त्याच्याशेजारी गणिताचं पुस्तक उघडून बसा.