सराट्याचा दोष कोणाचा?

सज्जनहो, नांदेड-लातूरकडच्या वारकऱ्याला सराटा सांगावा लागत नाही. बालाघाटाच्या मुरमाड माळावर, गाडीवाटेच्या कडेला तो जमिनीला चिकटून पसरतो. फूल पाहावे तर पिवळे, पाच पाकळ्यांचे, गोजिरे. फळ पिकले की त्याचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडो, एखादा काटा वर असायचाच. संस्कृतात याला गोक्षुर म्हणतात, श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याचा दातही म्हणतात. आणि हाच सराटा दशमुळांत सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी यांच्या पंक्तीला मानाने बसला आहे!

आता अनवाणी वारकऱ्याच्या टाचेत तो रुतला, तर दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, सराट्याचा. ते खरे नव्हे. काटा हे त्याच्या बीजाचे वाहन. बैलाच्या खुरात, माणसाच्या पायात, आता टायरात बसून तो गावोगाव जातो. अमेरिकेतही तो पोचला. तिथे त्याला आवरायला १९६१ साली त्याच्यावर जगणारे किडे सोडावे लागले. पण त्याला टोचायचे नसते, वाढायचे असते.

यावर दुसरा म्हणतो, "महाराज, माझाही स्वभावच तिखट, बोललो की लागते, मी काय करू?" बाबा रे, सराट्याला विवेक दिलेला नाही, तुला दिला आहे. त्याची सबब तुला कशी चालेल?

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. पायातला सराटा उपटून आपण काय करतो? तिथेच वाटेवर टाकतो आणि चालू लागतो. तो भूमीचा होता तोवर कोणाचाच दोष नव्हता. आपल्या हातून, जाणून पडला, की तो आपला झाला. मागून येणाऱ्या म्हाताऱ्या माउलीच्या पायात तो आपणच रोवला. सासूने छळले म्हणून सुनेला छळणारी, धन्याने शिव्या दिल्या म्हणून घरी बायकोवर ओरडणारा, हे सगळे वाटेवर सराटे टाकणारेच.

"मग सगळे रान मी साफ करू काय?" नको. वैद्याला त्याचे मूळ, फळ लागतेच. वाटेवरचा तेवढा फुलात असतानाच मुळासकट उपटावा, काटे धरू देऊ नये, रागाचेही तसेच. आणि पायातून निघालेला पदराच्या गाठीला बांधून मुक्कामी चुलीत घालावा. आपल्या वाट्याचा काटा आपल्यापाशीच संपला, तर तेवढी वाट मागच्यासाठी मऊ झाली. राम कृष्ण हरि.