निवाऱ्याचे ठिकाण

एखाद्या विस्थापित कुटुंबाला पक्के घर दिले की समाजाचे त्याच्याविषयीचे कर्तव्य संपते काय? घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, ही व्याख्या एकदा स्वीकारली की ते घर कोठे आहे, हा प्रश्न आपोआप गौण ठरतो. या व्याख्येतच अन्यायाचे बीज आहे, असे मला वाटते.

मुंबईच्या पदपथावर मनुष्य का राहतो? १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले आहे. गरीब मनुष्य कामाच्या आसपास आसरा शोधतो. तो आसरा गेला की उपजीविका जाते, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. परंतु निवारा आणि ठिकाण यांचे अतूट नातेही मान्य केले.

तरीही पुढे माहूलची वसाहत उभी राहिली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून २०१७ पासून अनेक कुटुंबांना चेंबूरजवळच्या या वसाहतीत पाठविण्यात आले. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नमूद केले होते. म्हणजे धोका ठाऊक असूनही माणसे तेथे धाडली गेली. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने, माहूलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगून या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

दूषित हवेचे मोजमाप यंत्राने होते. मनाला लागलेल्या घरघरीची नोंद कोण ठेवणार? घरकाम करणाऱ्या बाईची जुनी कामे सुटतात, नाहीतर तिचा दिवस बसप्रवासात सरतो. मुलाची शाळा अर्ध्या वर्षात बदलते. वस्तीत दारासमोर बसून गप्पा मारणारी म्हातारी उद्वाहन बंद पडल्यावर वरच्या मजल्यावर कोंडली जाते. आजारपणात हाक मारावी अशी सख्खी शेजारीण आता दुसऱ्या इमारतीत, कदाचित दुसऱ्या उपनगरात असते. शेजारधर्म एका पिढीत रुजतो आणि सोडतीच्या एका यादीने उखडला जातो. त्यानंतर येणारी उदासी ही त्या व्यक्तीची दुर्बलता नव्हे. तिचे आधार काढून घेतल्याचा तो परिणाम आहे.

“फुकट घर मिळाले, आता तक्रार कसली?” असे सुशिक्षित मंडळी सहज म्हणून जातात. शहरातील जमीन महाग आहे आणि जलवाहिनीची सुरक्षितता अत्यावश्यक आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु त्या जलवाहिनीचे पाणी साऱ्या शहराच्या नळाला येते. सर्वांच्या हितासाठी ज्याने आपली जागा सोडली, त्याला मिळालेले घर ही भिक्षा नसून भरपाई आहे, आणि भरपाई घेणाऱ्याकडून कृतज्ञ मौनाची अपेक्षा धरणे अनुचित आहे. हरवलेल्या वस्तूंत रोजगार, शाळा आणि शेजार यांचाही समावेश असेल, तर भरपाईच्या हिशेबात त्यांनाही स्थान हवे.

पुनर्वसनाची जागा ठरविणाऱ्यांनी, आणि तिला मूक संमती देणाऱ्या आपण सर्वांनी, एकच प्रश्न स्वतःस विचारावा: माझ्या वृद्ध आईला मी तेथे राहावयास पाठवीन काय? उत्तर नकारार्थी असेल, तर दुसऱ्याच्या आईसाठीही दुसरी जागा शोधणे आपणांस भाग आहे.