पकडला गेलास, तर तू कोण?

16 सप्टेंबर 2007 रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी भर रहदारीत गोळीबार केला. 17 इराकी नागरिक मेले. पहिल्या गोळ्या एका पांढऱ्या किया गाडीवर झाडल्या गेल्या. आत वैद्यकीय शिक्षण घेणारा तरुण आणि त्याची डॉक्टर आई होती. वडिलांच्या गाडीत मागे बसलेला नऊ वर्षांचा एक मुलगाही त्या दिवशी गेला. हे वाचताना दर वेळी माझ्या मनात पहिलं वाक्य येतं, ‘आमच्या पलटणीत असं झालं नसतं.’ ते फार सहज येतं, म्हणूनच मला ते तपासून पाहायचं आहे.

मी पायदळात होतो. नाक्यावर हात दाखवूनही न थांबणारी गाडी मी पाहिली आहे. त्या क्षणी बोट थांबतं ते कशामुळे? माझ्या चांगुलपणामुळे, असं मानायला मला आवडेल. पण माझ्या पाठीशी आणखी बरंच काही उभं असायचं. वायरलेसवर कंपनी कमांडर, परतल्यावर कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, काडतुसं मोजून घेणारा हवालदार, चौकशी, आणि सगळ्यांच्या मागे कोर्ट मार्शल. हे सगळं काढून घेतलं असतं आणि हातात फक्त रायफल व महिन्याचा पगार ठेवला असता, तर मी कसा वागलो असतो? छातीठोकपणे सांगता येत नाही. पगार तर मीही घेतच होतो.

निसूर चौकात युद्धाचे कायदे नव्हते असं नाही. नागरिकांवर हल्ला करायचा नाही, हा नियम गणवेश पाहून लागू होत नाही. युद्धात बंदूक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला तो बांधतो. नियम होता, हिशेब कोण मागणार हे मात्र ठरलेलं नव्हतं. इराकवर ताबा असलेल्या प्रशासनाच्या 17 क्रमांकाच्या हुकुमाने 2004 मध्येच अशा कंत्राटदारांना इराकी कोर्टांच्या बाहेर ठेवलं होतं. परदेशातल्या कंत्राटदारांवर खटला चालवण्याचा अमेरिकी कायदा संरक्षण खात्याच्या कामाला जोडलेला. हे रक्षक होते परराष्ट्र खात्याचे. त्यावरच किती वाद झाला! सक्तीने घेतलेल्या जबाबांचा वापर झाला म्हणून 2009 मध्ये खटला निकालात निघाला, पुढे पुन्हा उभा राहिला, 2014 मध्ये चौघे दोषी ठरले. 22 डिसेंबर 2020 रोजी राष्ट्राध्यक्षांनी चौघांनाही माफी दिली. अशा कंपन्यांविषयीच्या 2008 च्या माँत्रो दस्तऐवजात, कंत्राट देणारा देश, जिथे काम चालतं तो देश आणि कंपनीचा मूळ देश, या तिघांच्या जबाबदाऱ्या एकत्र मांडल्या आहेत. पण तो कोणावर नवं बंधन घालत नाही.

हे सगळं लांब बगदादमध्ये घडलं म्हणून सोडून द्यावं, तर तसं करता येत नाही. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. पोरं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं. मग कोणीतरी माझ्याकडे येऊन म्हणतो, “साहेब, बाहेरच्या सिक्युरिटी कंपनीसाठी अनुभवाचं पत्र द्या.” 20 जून 2016 रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या दूतावासाच्या रक्षकांना नेणाऱ्या मिनीबसवर आत्मघाती हल्ला झाला. डझनभराहून अधिक नेपाळी रक्षक मेले आणि त्यांच्याबरोबर दोन भारतीयही.

पत्र मागायला येणाऱ्याला मी विचारतो, “पकडला गेलास, तर तू कोण?” 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार, दोन देशांच्या युद्धात सैन्याबरोबर परवानगीने राहणाऱ्या नागरिकाला युद्धकैद्याची वागणूक मिळते, पण लढण्याचा हक्क मिळत नाही. दूतावासाच्या फाटकावरच्या रक्षकाला तेवढीही ओळख नसते. आणि त्याला दारूगोळ्याच्या कोठारावर उभं केलं, समोरच्या सैन्याशी त्याने गोळीबार केला, तर शत्रू त्याच्यावर गोळी झाडू शकतो आणि पकडल्यावर साधा खुनी म्हणून खटलाही चालवू शकतो. 1977 च्या पहिल्या प्रोटोकॉलमधली भाडोत्री सैनिकाची व्याख्या सहा अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच लागू होते. त्यातली एक अट, ज्याच्या बाजूने लढतो त्या सैन्यातल्या सैनिकापेक्षा पुष्कळ जास्त मोबदल्याची. आमच्या पोरांना गोऱ्या सैनिकांच्या मानाने मिळतं ते थोडकंच. म्हणजे भाडोत्रीचा शिक्का बहुधा बसणार नाही, पण सैनिकाचं कवचही नाही.

हे मी सांगितलं की समोरचा शांतपणे ऐकून घेतो. एकाने मला विचारलं, “साहेब, एटीएमच्या दारात बारा तास उभं राहायचे इथे किती मिळतात?” त्याचा प्रश्न माझ्या प्रश्नाइतकाच खरा होता. मी पेन्शनवर सुखाने बसलेला माणूस, त्याला विवेकाच्या गोष्टी सांगणारा मी कोण, हे मला तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं.

पण सही माझी असते. पत्रात मी ‘नेमबाजी उत्तम, शिस्त उत्तम’ असं लिहितो. नेमबाजी त्याची स्वतःची आहे, ती त्याच्याबरोबर जाईल. शिस्तीतला मोठा वाटा पलटणीचा होता आणि पलटण त्याच्याबरोबर जाणार नाही. त्या परक्या चौकात त्याच्या गोळीने एखादं नऊ वर्षांचं पोर गेलं, तर ती गोळी झाडायला तो लायक आहे असं सांगणाऱ्या कागदावर माझं नाव असेल.

म्हणून आता करार वाचल्याशिवाय मी सही करत नाही. मालक कोण, राखायचं काय, गोळी चालवण्याचा हुकूम कोणाचा, चूक झाली तर खटला कुठल्या देशात, मेला तर घरच्यांना काय मिळणार, हे त्याच्यासमोर बसून वाचतो. बऱ्याच जणांकडे करार नसतोच. तो दुबईला पोचल्यावर मिळेल, असं एजंटने सांगितलेलं असतं. त्यांना मी परत पाठवतो. काही जण करार घेऊन पुन्हा येतात, काही दुसऱ्या साहेबांची सही घेऊन जातात.