सव्वातीन मिली पाणी

अमेरिकन राय व्हिस्की चाखायचा मला नाद आहे. राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या कुळातलं, थंडीत आणि हलक्या जमिनीत तग धरणारं हे धान्य. आपल्याकडे ज्वारीची जी जागा, साधारण तीच पूर्व युरोपात रायची; भाकरीऐवजी काळा, आंबूस पाव, एवढाच फरक. अमेरिकन कायद्यानुसार राय व्हिस्कीच्या धान्यात किमान ५१ टक्के राय लागते आणि दारू आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. उरलेल्या ४९ टक्क्यांत काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

सगळी गंमत तिथेच आहे. मित्राने येताना दोन बाटल्या आणल्या होत्या, रिटनहाउस आणि बुलेट. रिटनहाउसमध्ये राय कायद्यापुरतीच, बाकी बराचसा मका. त्यामुळे आधी गोडवा, संत्र्याची साल, मग मागाहून दालचिनी. बुलेटमध्ये राय ९५ टक्के. तिथे गोडवा मागे सरतो आणि पुदिना, मिरी, चक्क शेपू पुढे येतो. शेपूची भाजी पाहून जो ताटावरून उठतो त्याने या वाटेला जाऊ नये.

पण ही तुलना अशीच केली तर खोटी ठरते. रिटनहाउसमध्ये अल्कोहोल ५० टक्के, बुलेटमध्ये ४५. जी जास्त जाळते ती जिभेला भारी वाटते. म्हणून दोन्ही एका पातळीवर आणायच्या. तीस मिली रिटनहाउसमध्ये सव्वातीन मिली पाणी घातलं की ती ४५ वर येते. पाणी मात्र बेचव हवं. बोअरचं पाणी जड, म्हणून मी जारचं वापरतो.

मी राहतो मुकुंदवाडीत. २०१९च्या पावसाळ्यात इथली नऊ-दहा वर्षांची मुलं हंडे-कळश्या घेऊन रेल्वेने शहराच्या मुख्य स्टेशनवर जायची, तिथल्या नळावर भरायची आणि परतीच्या गाडीने यायची. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. ही बातमी देशाबाहेरही छापून आली. आणि याच शहराच्या भोवती, वाळूज-शेंद्र्याला, बिअरचे आणि दारूचे कारखाने आहेत.

आता माझ्या सव्वातीन मिलीचं काय? सोपं उत्तर असं की तेवढ्याने कुणाचा हंडा भरत नाही. खरंच भरत नाही. त्याहून हुशार उत्तर असं की माझी दारू अमेरिकेतल्या पाण्याची, जायकवाडीच्या थेंबालाही तिने हात लावलेला नाही. पण हाच हिशेब पुढे नेला तर दिवसभर पोती उचलून संध्याकाळी इथलीच देशी घेणारा हमाल माझ्यापेक्षा मोठा पाणीचोर ठरतो. ज्या हिशेबात मी सुटतो आणि तो अडकतो, त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मग उरतं ते आम्हा चाखणाऱ्यांचं ठेवणीतलं वाक्य: आम्ही चवीसाठी पितो, नशेसाठी नाही. हे खोटं नाही. शेपू आणि दालचिनी ओळखायला लक्ष लागतं, आणि लक्ष देणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते लक्ष येतं कुठून? झालेल्या झोपेतून, भरल्या पोटातून, पेला अर्धा टाकून उठता येण्यातून. हमाल विसरायला पितो, मी लक्षात ठेवायला पितो. अल्कोहोल दोघांच्या पेल्यात एकच. ‘चवीसाठी’ या शब्दातून माझी परिस्थिती कळते, माझा स्वभाव नाही. आम्ही मात्र तो शब्द चारित्र्याच्या दाखल्यासारखा दाखवतो. (महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याला तर चव ठाऊकच नाही. परवान्यावर पिण्याचं कारण लिहिलेलं असतं ते आरोग्याचं!)

पापपुण्याच्या या वादापेक्षा मला २०१६च्या दुष्काळातला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश जास्त शहाणा वाटतो. मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्के कपात, इतर उद्योगांच्या पाण्यात पंचवीस. दारू वाईट म्हणून नव्हे, टंचाईत पिण्याच्या पाण्याचा नंबर आधी म्हणून. पिणाऱ्याची नियत तपासायची गरजच नाही, फक्त रांग नीट लावायची. अर्थात रांग लावल्याने नळ येत नाही. तीनच वर्षांनी ती मुलं गाडीत होती. कारखान्याचं पाणी तोडणं आणि वस्तीत जलवाहिनी टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याची बातमी होते तेव्हा दुसरं झाल्यासारखं वाटतं.

मग नाद सोडणार का, असं बायकोने विचारलं. नाही सोडणार. मात्र चवीचं कारण पुढे करणं बंद केलंय. कुणी विचारलं तर ‘परवडतं म्हणून’ असं सांगतो. पाहुण्यांना ते आवडत नाही.

परवा जारवाल्याला विचारलं, पाणी कुठलं? बोअरचंच म्हणाला, मशीनमधून काढलेलं. मशीन बरंचसं पाणी नको म्हणून बाहेर टाकतं. ते कुठे जातं विचारलं, तर त्याने दाराबाहेरच्या गटाराकडे बोट केलं.