मुका पहारेकरी

एखाद्यावर आलेले संकट पाहून आपण सावध झालो, तर त्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि तो मुका प्राणी असेल तर?

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क परिसरात कावळे मरून पडू लागले. ऑगस्टअखेर माणसांना मेंदूज्वर झाल्याचे आढळले; लाँग आयलंडवरील घोडेही आजारी पडले. प्रारंभी माणसांच्या या आजारास सेंट लुईस मेंदूज्वर समजले गेले. त्या रोगाने पक्षी सहसा दगावत नाहीत, याकडे ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ट्रेसी मॅक्नमारा यांनी लक्ष वेधले. अखेर तो १९३७ साली युगांडात प्रथम सापडलेला वेस्ट नाईल विषाणू ठरला. त्या वर्षी तेथे ७ माणसे मृत्युमुखी पडली.

हा विषाणू पक्ष्यांकडून डासांत आणि डासांकडून माणसांत व घोड्यांत येतो. घोड्याच्या रक्तात तो इतका अल्प असतो की, त्याला चावलेला डास पुढे कोणास रोग देत नाही. घोडा मात्र अडखळतो, थरथरतो. आजारी घोड्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मरतात. असा घोडा आढळला की आसपासच्या वस्तीस सावध केले जाते.

२००१ साली अमेरिकेत घोड्यांसाठी लस आली; माणसांसाठी ती अद्याप नाही. येथेच पेच निर्माण होतो. लस टोचलेला घोडा सहसा आजारी पडत नाही, म्हणून इशाराही देत नाही. त्या लसीने माणसाचा धोकाही कमी होत नाही. मग इशाऱ्यासाठी घोड्यास लसीवाचून ठेवावे काय?

कोणी म्हणेल, बालकाच्या प्राणापुढे घोड्याची काय मातब्बरी? माणसाचे मोल अधिक, हे आम्हीही मानतो. परंतु इशारा मिळण्याचे अन्य मार्ग असताना हा युक्तिवाद लंगडा पडतो. सापळ्यांत डास धरून, जातवार निवडून ते प्रयोगशाळेत तपासले, तर घोडा पडण्यापूर्वीच विषाणू सापडू शकतो. फ्लॉरिडात याच हेतूने पाळलेल्या कोंबड्यांचे रक्त तपासतात. कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, पण ती आजारी पडत नाही. या कामास पैसा व चिकाटी लागते. काही वर्षे विषाणू सापडला नाही की हा खर्च व्यर्थ वाटू लागतो, आणि पहाऱ्याचा भार पुन्हा मुक्या जनावरावर पडतो.

बलामाच्या गाढवीला वाटेतला देवदूत आधी दिसला आणि मार तिनेच खाल्ला. आम्हांस वाटते, घोड्यास लस द्यावी आणि डासांवरील पहारा आपण स्वतः करावा. जे काम आपल्या बुद्धीने व कष्टाने होऊ शकते, त्यासाठी दुसऱ्या जिवाची वेदना खर्ची घालणे न्यायाचे नव्हे.