किती वाजले, किती वेळ झाला

हे मनन कामाचा दिवस संपल्यावर करायचे आहे. लॅपटॉप मिटा, फोन पालथा ठेवा. खुर्चीत असाल तर पाठ टेका. घरी जाणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर तीही चालेल. हिंजवडीच्या फेज तीनमधून वाकडच्या पुलापर्यंत यायला संध्याकाळी जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हे निवांत होते. डोळे मिटायलाच हवेत असे नाही. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता आज घड्याळाकडे नजर गेली ते प्रसंग आठवा. सगळे नकोत, दोन-तीन पुरे. सकाळी स्टँडअपला पोचायची घाई असेल. दुपारी डबा उघडता उघडता पुढच्या कॉलची सूचना आली असेल. संध्याकाळी अमेरिकेतली मंडळी कामावर यायच्या आत काहीतरी पूर्ण करून ठेवायचे असेल. त्या प्रत्येक वेळी छातीत थोडे आवळल्यासारखे झाले का, तेवढेच बघा. झाले असेल तर झाले. त्याला नावे ठेवू नका, घालवायलाही जाऊ नका. हे आवळणे कुठून येते, ते आज सावकाश पाहायचे आहे. आपण दिवसभर ज्या यंत्राशी बोलतो, त्यातूनच ते पाहता येते.

मिटलेल्या लॅपटॉपमध्ये एक मोजणी चालू आहे. 1 जानेवारी 1970 ची ग्रिनिचची मध्यरात्र हा तिचा आरंभ. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या घटकेपासून किती सेकंद लोटले, हा एकच आकडा युनिक्सच्या घराण्यातली यंत्रे बाळगतात. तारीख, वार, महिना हे सगळे त्यावरून मागाहून काढले जाते. 9 सप्टेंबर 2001 रोजी, रविवारी सकाळी, भारतात 7 वाजून 16 मिनिटे 40 सेकंद झाले तेव्हा ही मोजणी 100 कोटींवर पोचली. 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी ती 2,14,74,83,647 वर येईल. ज्या जुन्या यंत्रांत या आकड्याला 32 बिटांचीच जागा दिलेली आहे, तिथे पुढच्याच सेकंदाला मोजणी उलटेल आणि यंत्राला वाटेल की 1901 सालचा डिसेंबर चालू आहे. तसे होऊ नये म्हणून जगभरचे प्रोग्रॅमर जुन्या प्रणाली 64 बिटांवर नेत आले आहेत. तेवढ्या जागेत हा आकडा सुमारे 292 अब्ज वर्षे मावतो.

ही मोजणी आज जिथे आहे तो आकडा आता मनात लिहा. दहा अंक, एका ओळीत. नजर अगदी उजवीकडच्या अंकावर ठेवा. तो दर सेकंदाला बदलतो आहे. त्याच्या डावीकडचा अंक दहा सेकंद टिकतो, म्हणजे दोन-तीन श्वास. घाई न करता आणखी डावीकडे या. शेवटून सहावा अंक एका दिवसाहून थोडा जास्त टिकतो. एक झोप आणि एक जाग त्यात बसते. त्याच्या पलीकडचा अकरा-बारा दिवस टिकतो, साधारण एका स्प्रिंटएवढा. शेवटून आठवा पावणेचार महिने, म्हणजे पावसाळा येऊन जाईपर्यंत. नववा तीन वर्षांहून थोडा अधिक. एवढ्या काळात माणूस नोकरी बदलतो, एखादी भाषा शिकतो, एखाद्या घरात बाळ चालायला आणि बोलायला लागते. सगळ्यात डावीकडचा 1 हा अंक 2001 पासून तसाच आहे आणि मे 2033 पर्यंत तसाच राहील.

इथे थोडे थांबा. मघाचे आवळणे यातल्या कोणत्या अंकांशी बांधलेले होते? बहुतेक उजवीकडच्या तीन-चार अंकांशी. मीटिंग, रिमाइंडर, बिल्ड पूर्ण व्हायची वाट, उत्तर आले का म्हणून पुन्हा पुन्हा उघडलेली चॅटची खिडकी, सगळे तिथले. आपण ज्यासाठी जगतो म्हणतो त्या गोष्टी बहुतेक डावीकडच्या अंकांत राहतात. मैत्री, हातात आलेले कौशल्य, आईवडिलांचे थकत जाणे, आपला बदललेला स्वभाव. त्या अंकांचे हलणे नुसत्या बघण्याने कळत नाही. मात्र ते हलत असतात. दोन-तीन श्वास या एका गोष्टीपाशी राहा.

आता दुसरी पायरी. घड्याळ आपले नाही, ते सगळ्यांनी मिळून केलेला करार आहे. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून लागू झाली, तरी मुंबई 1955 पर्यंत स्वतःची वेळ पाळत होती. ती प्रमाणवेळेच्या सुमारे 39 मिनिटे मागे असे. ज्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर देशाची वेळ ठरते, त्याच्या मुंबई बरीच पश्चिमेला आहे. तिथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो, तेव्हा मुंबईकरांच्या वेळेलाही आधार होता. शेवटी आगगाडी, टपाल आणि तार यांच्यासाठी देशभर एकच वेळ सोयीची पडली. आज आपल्या मनगटावर आहे ती ही सोयीची वेळ.

यंत्रेसुद्धा हा करार रोज नव्याने पाळतात. मनगटावरच्या घड्याळात काय, आणि बहुतेक संगणकांत काय, क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. उष्णतेने, थंडीने, वयाने त्याची चाल किंचित चुकते. दिवसभरात कुठे अर्धा सेकंद पुढे, कुठे मागे. म्हणून संगणक ठरावीक काळाने दुसऱ्या सर्व्हरला वेळ विचारतो. प्रश्न कधी निघाला, तिकडे कधी पोचला, उत्तर कधी निघाले, परत कधी आले, अशा चार नोंदी होतात. जाण्यायेण्याचा वेळ सारखा धरून आपण किती चुकलो, हे संगणक त्यांवरून काढतो. फरक थोडा असेल तर काटे एकदम ढकलले जात नाहीत. आपला सेकंद किंचित लांबवत किंवा आखडत तो हळूहळू जुळवून घेतो, कारण वेळ अचानक मागे गेली तर त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम गोंधळतात.

ही देवघेव मनात एकदा संथपणे होऊ द्या. प्रश्न जातो. उत्तर येते. थोडे जुळवून घेतले जाते. माणसांत राहायचे तर हे हवेच. पुण्याची मुलगी आणि सिअॅटलचा मुलगा एका कॉलवर येतात, डॉक्टर ठरल्या वेळी दवाखान्यात भेटतात, चाकणच्या कारखान्यात पाळी बदलते, ते या कराराच्या जोरावर. ‘किती वाजले’ हा प्रश्न दुसऱ्याला भेटण्यासाठी आहे. त्या कामात तो चोख आहे, आणि वेळ पाळणे म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याचा मान राखणे आहे.

आता तिसऱ्या पायरीवर या. आजच्या मननाचा गाभा इथे आहे.

ज्याने कधी प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याला हे ठाऊक असते की यंत्रात आणखी एक घड्याळ असते. ते वेळ सांगत नाही. ते फक्त पुढे सरकते, मागे कधीच येत नाही. लिनक्समध्ये ते यंत्र सुरू झाल्यापासून मोजू लागते. एखादे काम किती वेळ चालले हे मोजायचे तर हेच वापरायचे, भिंतीवरच्या घड्याळासारखे सर्वांचे घड्याळ नाही. कारण सर्वांचे घड्याळ मधेच जुळवले जाऊ शकते, आणि मग काम सुरू व्हायच्या आधीच संपल्याचा हिशेब निघतो. या दुसऱ्या घड्याळाचा एक गुण नीट लक्षात घ्या. एका यंत्रावरचा त्याचा आकडा दुसऱ्या यंत्रावर निरर्थक असतो. दोघांचा आरंभच वेगळा, म्हणून ते आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नसते.

आपल्या लग्नघरांत असे घड्याळ पूर्वापार आहे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडतात. छिद्रातून पाणी हळूहळू वर येते, कड पाण्याला टेकते आणि 24 मिनिटांनी वाटी बुडते. एक घटका झाली. अशा साठ घटका म्हणजे अहोरात्र. घटिकापात्राला किती वाजले हे माहीत नसते. सूर्य उगवला किंवा मावळला तेव्हा आपण वाटी सोडली, तिथून किती वेळ झाला, एवढेच ते सांगते आणि तेवढ्यावर मुहूर्त साधतो. ती वाटी पाहा. पाणी चढते आहे. ते हाताने दाबून चढवायचे नसते आणि अडवायचेही नसते. वाटी भरेपर्यंत तिच्यासोबत बसणे, इतकेच काम.

आता दोन्ही घड्याळे शेजारी ठेवा आणि स्वतःकडे वळा.

आपले दुःख पुष्कळदा इथे तयार होते. ‘किती वेळ झाला’ याचे उत्तर आपण ‘किती वाजले’ या घड्याळात शोधतो. बरोबरचा मित्र ऑनसाइट जाऊन आला, आपण अजून इथेच. मैत्रिणीने बाणेरला फ्लॅट घेतला, आपले डाउन पेमेंट जमलेले नाही. तिसरा मॅनेजर झाला. गावाकडे काका विचारतात, तिशी आली, लग्नाचे काय? या प्रत्येक वाक्यात दुसऱ्याचा आकडा आपल्या आकड्याशेजारी मांडलेला आहे. त्याचा आरंभ कुठे झाला, त्याच्या घरी काय होते आणि काय नव्हते, शिक्षणाचे कर्ज कुणाच्या डोक्यावर होते, पहिला संगणक कुणी कोणत्या वर्गात पाहिला, यातले काहीच त्या आकड्यात दिसत नाही.

ज्या तुलनेने आज मन खुपले, ती एक तुलना पुढे घ्या. त्या व्यक्तीचे नाव मनात घ्या, तिचे बरे चिंता. मग तिचा आकडा तिच्याकडे परत द्या. आता स्वतःला विचारा: मी जिथून निघालो, जिथून निघाले, तिथून किती वेळ झाला? त्या वेळेत काय काय झाले? पहिल्या महिन्यात ज्या कोडकडे पाहून घाम फुटत होता, ते आज नव्या मुलाला समजावता येते का? मीटिंगमध्ये इंग्रजीत अडखळणारा आवाज आता स्थिर झाला का? घरी दरमहा पैसे जातात का? कुणाशी बिनसलेले जुळले का? उत्तरे यायला वेळ लागेल. लागू द्या.

इथे आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. लिनक्सचे हे सरळ पुढे जाणारे घड्याळ यंत्र झोपवले की मोजणी थांबवते. झोपेतला काळही धरायचा असेल तर त्यासाठी वेगळे घड्याळ दिलेले आहे. आपल्या आयुष्याचा हिशेब आपण कोणत्या घड्याळाने करतो? वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी घरी काढलेले महिने, बाळंतपणाची रजा, परीक्षा न जमलेले वर्ष, नोकरी गेल्यावर नुसतेच बसून काढलेले दिवस, हे सगळे आपण ‘गॅप’ म्हणून वगळतो. बायोडाटा ते वगळत असेल, तुम्ही वगळू नका. असा एक थांबलेला काळ आठवा. त्यात काहीच घडले नाही, असे वाटते का? त्या काळाने तुमच्यात काय ठेवले ते पाहा. कुणाला धीर आला असेल, कुणाला माणसे कळली असतील, कुणाला आपले शरीर कळले असेल. तो काळ मोजणीत घ्या.

आणि एक साधा हिशेब. माणसाच्या जन्मापासून 100 कोटी सेकंद पुरे होतात ते वयाच्या 31 वर्षे आणि साधारण 8 महिन्यांनी. त्या दिवसाला कुणी केक आणत नाही, अप्रेझलच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. तुमच्यापैकी काहींचा तो दिवस पुढे आहे, काहींचा मागे पडला. तरी ती मोजणी अव्याहत चाललेली आहे, तुमच्या एकट्याची. एक लांब श्वास घ्या. सोडा. तेवढ्यात त्यात काही सेकंद मिळवले गेले.

हे मनन रोज करायला हरकत नाही, आणि रोज पुरे करायला हवे असेही नाही. घाईच्या दिवशी शेवटचा प्रश्न तेवढा विचारा: आज मी कोणत्या घड्याळात काय मोजले? उशीर झाला म्हणून जीव खालीवर झाला असेल आणि खरेच कुणी ताटकळत असेल, तर त्याला कळवा, माफी मागा, पुढच्या वेळी लवकर निघा. कुणीच ताटकळत नसेल, नुसता दुसऱ्याचा आकडा डोळ्यांत खुपत असेल, तर तो उशीर झालेलाच नाही.

मीटिंगला वेळेवर जा, शब्द दिला असेल तर पाळा. आणि आपल्या आयुष्याचा हिशेब करताना दुसऱ्याची तारीख मधे आणू नका.