अर्जुन खाली बसला होता (गीता, अध्याय ३, श्लोक ८)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला आठवा. भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझ्या वाट्याला आलेलं काम कर, काहीच न करण्यापेक्षा करणं केव्हाही चांगलं. आणि मग जाता जाता एक अगदी घरगुती गोष्ट जोडतात: काहीच केलं नाहीस तर तुझं हे शरीरसुद्धा चालायचं नाही.

खरं सांगतो, या श्लोकावर मी याआधीही लिहिलंय. तेव्हा निष्काम कर्म, अप्रेझल, फळाची अपेक्षा, असं सगळं लिहिलं आणि दुसरी ओळ सरळ गाळली. शरीराचं काय एवढं, असं वाटलं असेल. या वेळी गाळता आली नाही, कारण टेबलावर माझा रिपोर्ट पडलाय. एचबीएवनसी ६.१. डायबेटीस नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. "दिवसाला किती चालता?" एवढंच. मी फोन काढून दाखवला. आदल्या दिवशीची पावलं ८४०. त्यातलीही निम्मी बहुतेक फ्रिजपर्यंतची.

म्हणजे सकाळी उठून मी कर्मयोगावर चारशे शब्द लिहितो, आणि मग दहा तास खुर्चीतून हलत नाही. वर्ध्याला घरी बसून पुण्याच्या टीमसोबत काम करतो, त्यामुळे ऑफिसला जायचं चालणंही गेलं. आई परवा दारातून म्हणाली, "काय करून राहिला रे तू सकाळपासून?" म्हटलं, काम करतोय. ती म्हणाली, "बसूनच त आहेस."

मला राग आला. कारण माझ्या डोक्यात मी खूप काही करत होतो. तीन बग, दोन रिव्ह्यू, एक प्रॉडक्शनचा घोळ. पण आईला दिसलं ते खरंच होतं.

मग पहिला अध्याय पुन्हा उघडला. शेवटच्या श्लोकात काय होतं आठवतंय? अर्जुन धनुष्य टाकतो आणि रथात खाली बसतो. कारण काहीही असो, शोक म्हणा, मोह म्हणा, शरीरानं जे केलं ते इतकंच: तो बसला. दुसऱ्या अध्यायात कृष्ण बोलायला लागतो तेव्हा पहिल्या दोन श्लोकांतच त्याला ऊठ म्हणतो. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी, सगळं ऐकून झाल्यावर अर्जुन सांगतो की मी आता उभा आहे, तू म्हणशील ते करीन. तिथे उभा म्हणजे मनानं स्थिर, हे मला माहीत आहे. आठव्या श्लोकातल्या 'शरीरयात्रा' या शब्दाचा अर्थही भाष्यकार शरीराचा निर्वाह, टिकाव असाच करतात, पायी चालणं असा नाही. पण यात्रा हा शब्द तिथे आहे, आणि आपण मराठी माणसं तो ऐकल्यावर चपला शोधतो, त्याला मी काय करू!

कुणी म्हणेल, सहावा अध्याय तर बसायलाच सांगतो. आसन घाल, पाठ, मान, डोकं सरळ ठेव. बरोबर. पण आपण जसे बसतो, म्हणजे मान स्क्रीनकडे ओढलेली, एक पाय खुर्चीवर, खांदे कानापाशी, त्याला ध्यान म्हणायची हिंमत माझ्यात नाही. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे खाणं, फिरणं, झोपणं, जागणं, काम करणं या सगळ्यांत माप ठेवायला सांगितलंय. फिरणं त्या यादीत आहे. आपण मात्र खाण्यावर आणि झोपेवर प्रवचनं ऐकतो आणि तेवढं सोडून देतो.

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं. पण आपल्या जिल्ह्यात हा श्लोक एका माणसानं कुदळीनं वाचलाय.

१९३८ सालची गोष्ट. विनोबांची तब्येत पार ढासळली होती, वजन ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम ४० किलो. गांधीजींना काळजी लागली. कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असं सुचवलं गेलं. विनोबा गेले पवनारला! वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटर, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. मे महिन्यात ज्यांनी पवनार पाहिलंय त्यांना ही थंड हवा कशी असेल ते सांगायला नको. मनातलं कामांचं सगळं ओझं त्यांनी नदीच्या अलीकडेच टाकलं, आणि पलीकडे जाऊन शेतात खणायला लागले. एकदम नाही. थोड्या वेळापासून सुरुवात, रोज जरा जास्त, मध्ये मध्ये थांबून. काही महिन्यांत तब्येत सुधारली, वजनही चांगलं वाढलं. त्याच जमिनीत खणताना भरत-राम भेटीचं जुनं शिल्प सापडलं. पवनारच्या आश्रमात आजही त्याची पूजा होते.

मला यातलं शिल्प नाही, ते थोडं थोडं वाढवणं जास्त भिडतं. आपण काय करतो? एक जानेवारीला जिमचे वर्षभराचे पैसे भरतो, दहा हजार पावलांचं टार्गेट लावतो, आणि पंधरा तारखेला घड्याळाचं नोटिफिकेशन बंद करतो. हा मी माझाच इतिहास सांगतोय. पुढे १९५१ मध्ये भूदानासाठी जो माणूस तेरा वर्षं देशभर पायी हिंडला, त्याची सुरुवात इतकी छोटी होती. तेव्हा वय पंचावन्न. मी चौतीसचा आहे आणि दोन मजल्यांसाठी लिफ्टचं बटण दाबतो.

सेवाग्रामचंही तसंच. बापू १९३६ मध्ये तिथे राहायला आले. सकाळ-संध्याकाळचं फिरणं त्यांनी कामाच्या गर्दीतही सोडलं नाही, आणि भेटायला आलेल्यांशी कितीतरी बोलणं त्या फिरण्यातच व्हायचं. आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य, अहिंसा यांच्याच रांगेत शरीरश्रम आहे. तब्येतीसाठी नव्हे, व्रत म्हणून. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. तब्येतीसाठी चालायचं ठरवलं की रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी सुटतं. व्रत असं सुटत नाही.

तर मी सध्या काय करतोय ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. ज्या कॉलवर स्क्रीन दाखवायची नसते तो गच्चीवर चालत घेतो. पाण्याची बाटली टेबलावरून काढली, आता प्रत्येक पेल्यासाठी स्वयंपाकघरातल्या माठापर्यंत जावं लागतं. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत नामस्मरण, माळ खिशात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझी या आठवड्यात ११० झाली. दोन दिवस रिलीज होता, काहीच जमलं नाही. तेही लिहून ठेवतो. आणि ज्यांना गुडघ्यामुळे किंवा इतर कशामुळे चालणं शक्य नाही त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. खुर्चीत बसल्या बसल्या हात-खांदे हलवता येतात. जेवढं ज्याच्या वाट्याला आलंय तेवढंच श्लोकही मागतो.

वर्ध्याला आलात तर गोपुरीला गीताई मंदिर नक्की पाहा. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. उभ्या ग्रॅनाइटच्या शिळा आहेत आणि त्यांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे. मी लहानपणापासून जातोय, पण हे काल संध्याकाळी लक्षात आलं की तिथे बसून गीता वाचताच येत नाही. पुढचा श्लोक हवा तर पुढच्या शिळेकडे पाय टाकावे लागतात. आईला घेऊन गेलो होतो. ती सावकाश, बोट फिरवत वाचते. तिसऱ्या अध्यायापाशी आलो तेवढ्यात माझा साडेसहाचा कॉल वाजला. मी तिथेच चालत घेतला. पुण्याहून एकजण म्हणाला, "वारा फार येतोय, बाहेर आहेस का?" म्हटलं, हो. आई तोवर पुढच्या शिळेवर पोचली होती आणि हातानं मला बोलवत होती.

उद्या नववा श्लोक, यज्ञाचा. राम कृष्ण हरी.